सहा नंबरला सलाम

आमच्या जिल्ह्याचा आकडा मी सांगणार नाही. वायोमिंगमध्ये जिल्हे तेवीस, आणि प्रत्येकाचा आकडा गाडीच्या पाटीवर डाव्या कडेला छापलेला. आकडा कळला की जिल्हा कळला, आणि जिल्हा कळला की आमचं गाव कळायला वेळ लागत नाही, कारण जिल्ह्यात गावंच दोन. मग मी कोण हे कोणीही शेंबडं पोर सांगेल. तेव्हा नकोच. माझं नाव नोरीन, एवढं पुरे.

एकतीस वर्षं मी जिल्हा कचेरीत पाट्यांच्या खिडकीवर बसले आहे. डावीकडे जिल्ह्याचा आकडा, मग उधळलेला घोडा आणि त्याच्यावरचा स्वार, आणि घोड्याच्या उजवीकडे तुमचा नंबर. दर आठ वर्षांनी पाटी नवी निघते, मागचा डोंगर बदलतो, आभाळाचा रंग बदलतो, पण घोड्याच्या उजवीकडचा नंबर ज्याचा त्याच्याकडेच राहतो. एकेरी नंबर म्हणजे पाट्या निघाल्या तेव्हा ज्यांचे आजे-पणजे रांगेत पहिले उभे होते ती घराणी. दोन आकडी म्हणजे जुनी माणसं. तीन आकडी असाल तर चालवून घेऊ. चार आकडी म्हणजे तुम्ही कुठून आलात आणि परत कधी जाणार? बाप गेला की नंबर लेकराकडे जातो, आणि नूतनीकरणाची तारीख चुकली की हातचा जातो. तेवढ्यापायी सख्ख्या भावांची बोलणी बंद झालेली मी पाहिली आहेत.

मी स्वतः नेब्रास्काहून लग्न करून आले. नवरा दोन वर्षांत निघून गेला, पाटी राहिली. दोन हजार तीनशे अठरा. सगळ्या गावाला नंबर वाटणारी बाई, आणि तिचा स्वतःचा चार आकडी. हसायचं तर हसा, गाव हसतंच.

शितावरून भाताची परीक्षा म्हणतात, तशी आम्ही पाटीवरून माणसाची करतो. त्याला कारण आहे. अर्ध्या जिल्ह्याकडे पांढरा पिकअप आहे. चिखल सारखा, पोचे सारखे, मागे बसलेलं कुत्रंसुद्धा सारखंच. मग बघणार काय? पाटी बघायची. समोरून नंबर ओळखीचा आला की स्टिअरिंगवरचं एक बोट उचलायचं, तोही उचलतो. झाला नमस्कार. चार आकडीवाल्यांना बोट दाखवायचं नाही असा काही कायदा नाही. पण कोणी दाखवत नाही. आणि पाटी हिरवी असली, म्हणजे कोलोरॅडोची, तर मान वळवून खिडकीबाहेर गुरं मोजायची.

माझ्या खिडकीतून गावातला एकुलता एक चौक दिसतो. काउंटरवर गिऱ्हाईक नसलं की मी चौक वाचत बसायचे. बारा नंबर दातांच्या डॉक्टरकडे निघाला. चाळीस नंबर आज पुन्हा दारूच्या दुकानासमोर. एकतीसच्या बायकोनं गाडी स्वतः काढलीय, म्हणजे घरात भांडण. दोनशे फुटांवरून मी नंबर वाचत असे आणि मला त्याचा गर्व होता. कचेरीत कोणाला कोणाचा पत्ता लागेना की विचारायचे, "नोरीन, एकोणीस कुठं असेल गं?" आणि मी सांगायचे. शंभरातल्या नव्याण्णव वेळा बरोबर निघायचं. ह्या नव्याण्णवांनीच माझा घात केला.

सहा नंबर एल्डन टॉफ्टचा. वय त्र्याऐंशी, गावापासून अकरा मैलांवर एकटाच राहायचा. बायको आयडा सहा वर्षांपूर्वी गेली. कुरणं त्यानं शेजारच्या रॉडनीला भाड्यानं दिली होती आणि स्वतः दिवसभर छपरीत कसलंतरी लोखंड ठोकत बसायचा. मोबाईल ठेवायचा नाही. घरातला फोन वाजला तर वाजला, कारण कानातली यंत्रं टेबलाच्या खणात आणि हा छपरीत. त्याची एकुलती एक मुलगी लेटा, ओरेगनात शाळेत शिकवते. ती बापाला फोन करून करून थकायची आणि मग गुरुवारी मधल्या सुटीत मला करायची. "डॅड दिसले का गं?" मी म्हणायचे, "दिसले की. मंगळवारी बँकेसमोर, काल पोस्टात." तेवढ्यानं तिचा आठवडा निघायचा. पाच वर्षं हे चाललं होतं. आपल्यामुळे एका लेकीला झोप लागते, ह्याचं मला केवढं कौतुक! नाताळात ती मला मुरंब्याच्या बाटल्या पाठवायची.

गेल्या ऑक्टोबरातल्या त्या गुरुवारी तिचा फोन जरा लवकरच आला.

"नोरीन, डॅड दिसले का?"

"दिसले म्हणजे काय, आत्ता अर्ध्या तासापूर्वी गेले इथून. काल तर दोन फेऱ्या झाल्या. म्हातारपणी पाय फुटलेत तुझ्या बापाला."

"मंगळवारपासून फोन उचलत नाहीत."

"उचलतात कधी ते?"

"तसं नाही गं. मंगळवारी माझा वाढदिवस होता. त्या दिवशी ते आपणहून करतात. कधी चुकले नाहीत. आई गेली त्या वर्षीसुद्धा केला होता."

"त्र्याऐंशीचा माणूस आहे लेटा. मी त्रेसष्टची आहे तर सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही."

तिकडून कागदाची सळसळ आली. मग म्हणाली, "शेरीफच्या ऑफिसचा नंबर समोर लिहून ठेवलाय मी. कोणाला तरी घरी डोकावून यायला सांगू का?"

"वेडी आहेस का तू? शेरीफची गाडी अंगणात आलेली पाहिली तर नाताळपर्यंत तुझ्याशी बोलायचे नाहीत ते. मला म्हातारा-कोतारा समजता का म्हणून गाव डोक्यावर घेतील."

"तू स्वतः पाहिलंस ना पण?"

"अगं, बोट उचललं त्यांनी मला! चांगले टवटवीत आहेत. फक्त केस वाढलेत मानेवर, न्हाव्याकडे जायला सांग."

ती हसली. "बरं," म्हणाली. "ठेवते मग. रविवारी पुन्हा करून बघीन."

उचलली जीभ लावली टाळ्याला. ऑक्टोबरात त्या वेळेला आमच्या चौकात ऊन थेट गाडीच्या काचेवर येतं. काच नुसती पांढरी दिसते. आतला माणूस टोपीवाला आहे की बोडका, एवढंही कळत नाही. मानेवरचे केस कुठून दिसणार? पण पाटी स्वच्छ दिसत होती, जिल्हा, घोडा, सहा, आणि खिडकीबाहेर उचललेलं एक बोट. बाकीचं मी पदरचं घातलं. मला ते खोटं वाटलंही नाही, हे आता कोणाला पटणार नाही. सहा नंबर गेला म्हणजे एल्डन गेला. एकतीस वर्षं मी असंच वाचत आले होते.

रविवारी दुपारी एल्डन छपरीत सापडला. शिडीवरून पडला होता, कंबरेचं हाड मोडलं होतं. दारापासून चार हातांवर होता. रॉडनी त्याचा पिकअप परत द्यायला गेला, त्याला दिसला. मृत्यूची चौकशी करणाऱ्या कॉरोनरनं सांगितलं की शनिवारी पहाटे कधीतरी जीव गेला, त्या रात्री पारा फार खाली गेला होता. पण पडला कधी, हे काही त्याला सांगता येईना. मग शेरीफचा माणूस गावात विचारत फिरला, "शेवटचं कोणी पाहिलं?"

विचारायचाच अवकाश. सगळं गाव पुढं आलं. पोस्टातल्या हॅरियटनं बुधवारी पाहिला. मी गुरुवारी पाहिला. न्हाव्यानं गुरुवारीच दुपारी पाहिला, आणि हा आपल्या दुकानावरून सरळ निघून गेला म्हणून त्याला रागही आला होता. पेट्रोलपंपावरच्या म्हाताऱ्या गसनं शुक्रवारी संध्याकाळी पाहिला, "बोट उचललं मला, अगदी नेहमीसारखं." शेरीफच्या माणसानं सगळं लिहून घेतलं. तोही आमच्याच गावचा, एक्क्याऐंशी नंबर, त्यानंही पाहिला होता. कागदावर आलं ते असं, की शुक्रवारी रात्री पडला आणि काही तासांत थंडीनं गेला. फार हाल झाले नाहीत. गावालाही ते ऐकून बरं वाटलं.

मंगळवारी रॉडनी खिडकीवर आला. गुरांच्या ट्रेलरच्या पाटीवरचं यंदाचं स्टिकर हवं होतं. हा कोलोरॅडोचा, एकोणीस वर्षांपूर्वी आला, माणूस कष्टाळू पण बोलायला घुम्या. मी स्टिकर काढता काढता म्हटलं, "तुझ्यावर कसला प्रसंग आला रे. पण लवकर सापडला म्हणायचा. शुक्रवारी संध्याकाळी तर गसला भेटला होता."

मी कागद पुढं सरकवला तरी तो पेन उचलेना.

"नोरीन," तो म्हणाला, "पिकअप माझ्याकडे होता."

"ठाऊक आहे. शनिवारी नेलास ना?"

"सोमवारी. वासरं लिलावाला न्यायची होती, माझ्या गाडीचा गिअर गेला. एल्डन म्हणाला ने, मला आठवडाभर कुठं जायचं नाहीये."

मी त्याच्याकडे बघत राहिले. खरं सांगते, माझ्या मनात आधी लेटा आली नाही, एल्डन आला नाही. आधी माझी खिडकी आली. मी म्हटलं, "मग गुरुवारी सकाळी दहाला चौकातून कोण गेलं?"

"मी."

"बोट कोणी उचललं?"

"तू उचललंस म्हणून मी उचललं."

"आणि तोंडानं सांगता येत नव्हतं तुला? गावात कोणाला तरी?"

"कोणी विचारलं?" तो म्हणाला. त्याचा आवाज चढला आणि लगेच उतरला. "एकोणीस वर्षं झाली मला. माझ्या पाटीला कोणी बोट उचललंय कधी? त्या सोमवारी वासरं घेऊन गावात शिरलो तर समोरून येणारा प्रत्येक जण. हॅरियटनं तर रस्ता ओलांडताना थांबून हात केला. पहिल्या दिवशी मला वाटलं, वासरं बघून करतायत, चांगली वासरं होती. मग कळलं."

"कळल्यावर?"

"कळलं तरी बरं वाटत होतं."

मी विचारायला नको होतं, पण मी खिडकीवरची बाई, तारखा विचारायची सवय. "काम कधी संपलं तुझं?"

त्यानं स्टिकर हातात घेतलं आणि उलटसुलट करत राहिला. "बुधवारी दुपारी."

"मग रविवारपर्यंत काय करत होतास?"

"फिरत होतो," तो म्हणाला. "पेट्रोलपंपावरून जायचो, गाडीतून उतरायचो नाही. पोस्टावरून जायचो. कामं काढायचो काहीतरी. बुधवारीच परत नेणार होतो, नोरीन. म्हटलं, अजून एक दिवस."

कोल्हा काकडीला राजी म्हणतात. पन्नाशीचा बाप्या माणूस, दुसऱ्याच्या पाटीला मिळालेले सलाम वेचत चार दिवस गावात हिंडत होता, आणि ती पाटी ज्याची तो छपरीत दारापासून चार हातांवर. मी त्याला तोडून बोलणार होते. पण कोणत्या तोंडानं? त्याला सलाम मीच करत होते.

"तू पाहिलंस का आत काही?" मी विचारलं. "तो कधी पडला असेल?"

"स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर सोमवारपर्यंत फुल्या आहेत. रोज सकाळी कॉफी घेताना फुली मारायचा तो." मग खालच्या आवाजात म्हणाला, "लेटाला सांगू नकोस. तिला वाटतंय एकच रात्र. राहू दे की तसंच. काढून घेऊन काय मिळणार आहे?"

मी लगेच कबूल झाले. फार लगेच झाले. तिच्यासाठी म्हणून झाले, असं मी त्या दिवशी स्वतःला सांगितलं. रॉडनी गेल्यावर पाटीची नोंदवही उघडून बसले, उगाच.

शुक्रवारी चर्चच्या तळघरात मर्तिकाचं जेवण झालं. हॅम, बटाट्याचं नेहमीचं ते चीजचं पातेलं, तीन प्रकारचे गोड 'पाई'. मंडळी सहा नंबराच्या आठवणी काढत होती. एल्डनच्या आठवणी फारशा कोणाकडे नव्हत्या, कारण माणूस मुळात तुसडा. पण "सहा नंबर कुठंही दिसला की बरं वाटायचं" असं म्हणणारे चाळीस जण होते. लेटा माझ्याजवळ आली आणि माझ्या गळ्यात पडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. रॉडनी कोपऱ्यात कागदी थाळी घेऊन उभा होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. आमच्या दोघांच्या ताटात हॅम तसंच राहिलं.

सोमवारी लेटा कचेरीत आली. ओरेगनला परत जायच्या आधी पाट्या जमा करायच्या होत्या, पुढची आणि मागची. तिथं राहणाऱ्या माणसाला इथला नंबर ठेवता येत नाही. वर्तमानपत्रात गुंडाळून आणल्या होत्या. बावन्न वर्षांची बाई, पण त्या दिवशी सत्तरीची दिसत होती. मी अर्ज पुढं केला. तिनं पेन घेतलं, पण लिहायला सुरुवात केली नाही. तिला बोलायचं होतं.

"घर आवरलं काल," ती म्हणाली. "एक गोष्ट बघून मी हादरलेच होते, नोरीन. कॅलेंडरवर सोमवारपर्यंतच फुल्या. आणि पत्रपेटीत मंगळवारपासूनची पत्रं. म्हटलं, म्हणजे मंगळवारपासून... म्हणजे माझ्या वाढदिवसापासून?"

मी काउंटरवरचे अर्ज सारखे करायला लागले.

"मग म्हटलं, नाही, नोरीननं गुरुवारी पाहिलंय. तिच्या नजरेतून काही सुटत नाही. फुल्या मारायला विसरले असतील. शेरीफचा माणूसही तेच म्हणाला." तिनं डोळे पुसले. "एक रात्र, नोरीन. फक्त एक रात्र पडून होते. रोज मी एवढंच म्हणते आणि झोपते."

"लेटा," मी म्हटलं.

"आणि तू मला त्या दिवशी थांबवलंस ते फार बरं केलंस. मी शेरीफला पाठवलं असतं तर ते चिडले असते, आणि आमचं शेवटचं बोलणं भांडणाचं झालं असतं. तुझे उपकार आहेत माझ्यावर."

ही शिवी असती तर मी खाल्ली असती. शिव्या खायची मला सवय आहे, पाट्यांच्या खिडकीवर दुसरं काय मिळतं? पण हे मला गिळवेना. मी उठले, खिडकीवर 'बंद' ची पाटी लावली आणि पुन्हा बसले.

"मी त्यांना पाहिलं नाही," मी म्हटलं.

"काय?"

"गुरुवारी मी तुझ्या वडिलांना पाहिलं नाही. त्यांची पाटी पाहिली. गाडीत रॉडनी होता. सोमवारपासून गाडी त्याच्याकडेच होती. हॅरियटनं, गसनं, शेरीफच्या माणसानं, सगळ्यांनी पाटीच पाहिली."

ती माझ्याकडे बघत राहिली. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. वर्गातल्या पोरानं गणिताचं उत्तर चुकीचं सांगितलं तर मास्तरीण बघेल तसं बघत होती, आता हा दुरुस्त करेल म्हणून.

"तू म्हणालीस, केस वाढलेत."

"मनचं सांगितलं."

"टवटवीत आहेत म्हणालीस."

"तेही."

"म्हणजे फुल्या बरोबर आहेत." ती बोटांवर मोजायला लागली. मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार. एकेक बोट दुमडत होती आणि मी बघत होते. "आणि मी तुला फोन केला तेव्हा..."

"जिवंत होते."

"शेरीफचा नंबर माझ्यासमोर होता," ती म्हणाली. "माझा हात फोनवर होता. तू म्हणालीस, वेडी आहेस का."

"हो."

मला वाटलं आता ओरडेल. काउंटरवरचं काहीतरी उचलून मारेल. मारलं असतं तर मला बरंच वाटलं असतं, आणि तिला ते कळलं असावं, कारण तिनं हात कोटाच्या खिशात घातले आणि तिथंच ठेवले.

"आता का सांगितलंस मला?" ती म्हणाली. "जाऊ द्यायचं होतंस. उद्या मी गेले असते. तुला हलकं व्हायचं होतं?"

"हो, असेल."

"झालीस?"

"नाही."

तिनं मान हलवली, जणू तेवढं तरी बरोबर झालं. मग अर्ज ओढला आणि भरायला लागली. नाव, नातं, मयताची तारीख. तारखेपाशी थांबली, शनिवारचीच लिहिली. तारखेत माझं काही खोटं नव्हतं. रॉडनीचा तो बुधवार मी तिला सांगितला नाही. तो त्यानं सांगायचा. मी माझ्या वाटचं सांगितलं.

सही करून तिनं पाट्या माझ्याकडे सरकवल्या. मी त्या उचलल्या नाहीत.

"मला एक सांग," ती म्हणाली. "तू डॅडना शेवटचं खरं कधी पाहिलंस? पाटी नाही. तोंड. कसे दिसत होते? त्यांनी काय घातलं होतं? काहीही सांग. गेली दोन वर्षं मी इथं आले नव्हते. मला कोणाकडून तरी तेवढं घेऊन जायचंय."

मी आठवायला लागले. मला त्यांची नूतनीकरणाची तारीख आठवली. अर्जावरची सही आठवली, ट ला जोडलेली लांब रेघ. मंगळवारी बँकेसमोर सहा, बुधवारी पोस्टासमोर सहा, मोडक्या दिव्याचा सहा, शेणानं माखलेला सहा. पाच वर्षांचे गुरुवार मी लेटाला पुरवले होते, आणि त्यात एकदाही मला काचेच्या आतला माणूस दिसला नव्हता. स्टिकर न्यायला येत असत, दर वर्षी, ह्याच काउंटरवर, ती उभी होती तिथंच. डोळे कोणत्या रंगाचे होते? दाढी होती का?

"नोरीन?"

"मला आठवत नाही," मी म्हटलं.

लेटा मग पुढे वाकून, अगदी हळू, जवळजवळ विनवल्यासारखं म्हणाली, "मग खोटं सांग. त्या दिवशी किती सहज सांगितलंस. तसंच सांग ना काहीतरी."

मी तोंड उघडलं. मला एक शब्द सुचला नाही. ती अजून मिनिटभर वाट बघत उभी राहिली आणि मग निघून गेली.